काचेतला रंग पाहायला: रत्नागिरी ते सावंतवाडी

मालवणजवळ एका खाडीकाठच्या गावात एक काका टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या प्रखर ज्योतीवर, काच घडवतात. त्यांची उभी हयात मुंबईत प्रयोगशाळांची काचेची उपकरणं बनवण्यात गेली. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि रंगीत काचेकडे वळले. ते गाव आईच्या माहेराला लागून आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल ऐकून होते. काचेत रंग नेमका जातो कसा, हे मला फार दिवसांपासून समोर बसून पाहायचं होतं. फेब्रुवारीत आई आणि मी घरच्या गाडीनं निघालो. जाताना रत्नागिरी आणि येताना सावंतवाडी अशी दोन गावं वाटेत घेतली.

शुक्रवार: रत्नागिरी

दुपारी पोहोचलो. सुरमईचं ताट संपवून थेट थिबा पॅलेस गाठला. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी 1885 साली मंडालेत पदच्युत केलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी 1910 च्या सुमारास बांधून झाला आणि 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला. संग्रहालय पाहायला तासभर पुरतो, पण आम्ही तिथे रेंगाळलो ते रंगीत काचांसाठी. सागवानी चौकटींत बसवलेल्या या काचा इटलीहून आणल्या असं सांगतात. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं आपणहून सुचवलं, "घाई नसेल तर थांबा, ऊन खाली आलं की बघा." थांबलो. चारनंतर ऊन तिरपं झालं आणि खिडक्यांचे रंग जमिनीवर उतरले. आई त्या उजेडात हात धरून उभी राहिली. तळव्यावर निळा, मनगटावर लाल.

त्या काळच्या रंगीत तावदानांत रंग आणायच्या मुख्य वाटा तीन. पहिली सरळ आहे. भट्टीतल्या रसातच धातूचा ऑक्साइड घालायचा, म्हणजे काच आरपार रंगीत होते. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी क्रोमियम किंवा तांबं, जांभळ्यासाठी मँगनीज. कोबाल्ट इतका जबर आहे की हजार भागांत एक भागही गडद निळा द्यायला पुरतो. दुसरी वाट लाल रंगानं शिकवली. तांब्यानं लाल केलेली काच इतकी गडद असते की खिडकीच्या जाडीची केली तर जवळजवळ काळीच दिसते. म्हणून फुंकणीवर साधी काच आणि लाल काच एकत्र घेऊन फुगवायची, म्हणजे साध्या काचेवर लालचा एक पातळ पापुद्रा बसतो. अशा काचेची फुटलेली कड पाहायला मिळाली तर बिनरंगी जाडीवर लाल रेघ स्पष्ट दिसते. तिसरी वाट पिवळ्याची. चांदीचं संयुग काचेवर लेपून भट्टीत तापवलं की चांदी काचेच्या आत शिरते आणि तो भाग पिवळा होतो. वरचा लेप पुसून टाकला तरी पिवळा जात नाही. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांत ही युक्ती चौदाव्या शतकापासून दिसते.

वाड्यातली कुठली काच कुठल्या वाटेनं आली, हे चौकटीतून काढल्याशिवाय कळणार नाही. पण हे माहीत असलं की माणूस खिडकीसमोर जास्त वेळ उभा राहतो.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. इथली वाळू काळी आहे. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं खनिज तिच्यात भरपूर. मी मुद्दाम एक लहान चुंबक नेला होता. वाळूतून फिरवला तर त्याला काळ्या कणांची मिशी फुटली. काच करणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती या लोहाची. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी वाटेतच भेटणार होतं.

जाणार असाल तर: थिबा पॅलेस सोमवारी बंद असतो. दुपारी साडेतीनच्या पुढे जा आणि आधी खालचं दालन पाहून घ्या, म्हणजे तिरप्या उन्हाच्या वेळी वर असाल.

शनिवार: कासार्डे, मग मालवण

सकाळी राजापूरपर्यंत धुकं होतं. आंब्यांना मोहोर आलेला, गाडीची काच खाली केली की वास आत यायचा. खारेपाटण, तळेरे मागे टाकून कासार्ड्याला गाडी थांबवली. कणकवली तालुक्यातला हा पट्टा सिलिका वाळूसाठी ओळखला जातो. रस्त्याकडेला ताडपत्री टाकलेले ट्रक उभे होते आणि त्यांच्या चाकांभोवती सांडलेली वाळू पांढरीफटक. आईनं चिमूटभर तळव्यावर घेतली. कालची मांडवीची वाळू माझ्याकडे कागदाच्या पुडीत होती, तीही शेजारी ओतली. एकाच किनारपट्टीच्या, एका दिवसाच्या अंतरावरच्या दोन वाळू!

साध्या काचेत सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते. बाकी सोडा, जो वितळण्याचं तापमान खाली आणतो, आणि चुना, जो काच पाण्यात विरघळू देत नाही. या वाळूत थोडंसं जरी लोह राहिलं तरी काच हिरवट होते. खिडकीची साधी काच समोरून बिनरंगी दिसते पण कडेनं पाहिली की हिरवी, ती यामुळे. म्हणून वाळू धुतात, निवडतात. जुन्या कारागिरांनी आणखी एक उपाय शोधला होता. रसात किंचित मँगनीज घालायचं. त्याची जांभळी छटा लोहाच्या हिरवटपणाला मारते आणि डोळ्याला काच स्वच्छ दिसते. म्हणजे बिनरंगी काचेतही पुष्कळदा दोन रंग एकमेकांना अडवून बसलेले असतात. मला ही गोष्ट फार आवडते.

कसालला हायवे सोडला आणि दीडच्या सुमारास मालवणात जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांची एकशिपी, सोलकढी. आईनं सोलकढीच्या तीन वाट्या प्यायल्या आणि चौथी मागितली. दुपारी झोप. संध्याकाळी काकांना फोन केला तर ते म्हणाले, "सकाळी सातला या. वारो सुटायच्या आधी काम बरा होता."

रविवार: काकांच्या पडवीत

काकांची कामाची जागा म्हणजे घराच्या मागची पडवी. एका बाजूला चिऱ्याची भिंत, वर कौलं, दोन बाजूंनी बांबूची तट्टी. टेबलावर लोखंडी पत्रा आणि त्यावर पक्का बसवलेला टॉर्च. एक नळी स्वयंपाकाच्या गॅससारख्याच सिलिंडरला, दुसरी ऑक्सिजनला. डोक्यावर धूर ओढणारा पंखा. मागच्या फळीवर काचेचे रॉड, पेन्सिलीच्या जाडीपासून अंगठ्याच्या जाडीपर्यंत. निम्मे पारदर्शक. रंगीत रॉड वेगळ्या डब्यांत, कारण ते परदेशातून मागवावे लागतात आणि महाग पडतात.

आईनं मालवणीत सुरुवात केली आणि दहा मिनिटांत दोघांच्या ओळखीची चार घरं निघाली. काका तिला वैनी म्हणायला लागले आणि काकींनी आतून घावणे पाठवले. मग काम.

आधी त्यांनी मला गुलाबीसर काचेचा चष्मा दिला. "पयलो ह्यो न घालता बघ, मग घालून." रॉड ज्योतीत गेला आणि काचेभोवती भगभगीत पिवळा उजेड पसरला. आत काय चाललंय ते काहीच दिसेना. चष्मा चढवला आणि पिवळा पडदा एकदम नाहीसा झाला. रॉडचं टोक, त्यावरचा थेंब, सगळं स्वच्छ. तापलेल्या काचेतून सोडियम बाहेर पडतं आणि ते ज्योत पिवळी करतं. चष्म्यात निओडिमियम आणि प्रासिओडिमियम या धातूंची संयुगं असतात आणि ती नेमका तेवढाच पिवळा प्रकाश गिळतात. म्हणजे तो चष्माही रंगीत काचच, फक्त कामाला लावलेली.

काका बोरोसिलिकेट काच वापरतात. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं ते याच काचेवर. ती तापल्यावर फार कमी प्रसरण पावते, म्हणून चटकन तडकत नाही. पण रंगाच्या बाबतीत तिची एक अट आहे. रंगीत काचेचं प्रसरण पारदर्शक काचेशी जुळलंच पाहिजे. न जुळणारे दोन रॉड जोडले तर तापलेले असताना ते गुण्यागोविंदानं एकत्र होतात आणि थंड होताना एक जास्त आकसतो. मग तडा. कधी लगेच, कधी आठवड्यानं, कपाटात ठेवलेला असताना. म्हणून बांगडीच्या काचेचा तुकडा आणि बोरोसिलिकेट कधीच एकत्र करत नाहीत, रंग कितीही मोहात पाडणारा असो.

काकांनी अंगठ्याएवढा पारदर्शक रॉड ज्योतीत धरून फिरवायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं सारख्या वेगानं चालत होती आणि बोलताना, हसताना, आईला उत्तर देताना ती एकदाही थांबली नाहीत. टोक मऊ झालं, काकवीसारखं, आणि त्यांनी ते ग्राफाइटच्या ठोकळ्यावर दाबून त्याची चकती केली. मग रंग. निळा रॉड ज्योतीत तापवून चिमट्यानं ओढला तर त्याची सुतासारखी काडी झाली. गडद निळा ओढताना फिकट होत होत आकाशी झाला. रंग तोच, जाडी कमी झाली म्हणून उजेड जास्त पार जातो. जाडीवर छटा ठरते, हे काचेचं मोठं गणित आहे. तयार तुकडा किती पातळ होणार हे धरूनच रॉड निवडावा लागतो.

त्या काडीच्या टोकानं काकांनी चकतीच्या मोकळ्या बाजूवर कडेनं ठिपके ठेवले. एक ठिपका, ज्योत, पुढचा ठिपका, ज्योत. प्रत्येक ठिपका वितळून चकतीच्या पातळीला येईपर्यंत पुढचा ठेवायचा नाही. मध्ये एक पिवळा. आता ती नुसती ठिपक्यांची चकती होती आणि तापलेली असल्यामुळे सगळे ठिपके नारिंगीच दिसत होते. गरम असताना काच आपला रंग दाखवत नाही. कुठला ठिपका कुठला, हे कारागिराला लक्षात ठेवावं लागतं.

मग त्यांनी ज्योत मोठी केली. चकतीची कड वितळली, पृष्ठताणानं ती गोळा होऊ लागली आणि वरचे ठिपके काचेच्या पोटात ओढले जाऊ लागले. प्रत्येक ठिपका आत जाताना लांबत गेला. दुसरा रॉड मागून चिकटवून आधी हातात धरलेला रॉड कापला, समोरची बाजू तापवून घुमटासारखी गोल केली आणि काकांनी ते माझ्यापुढे धरलं. थोडं निवल्यावर नारिंगी उतरत गेला आणि आतून निळ्या पाकळ्यांचं फूल वर आलं. मागच्या बाजूला सपाट ठेवलेले ठिपके आता खोलीत उभ्या पाकळ्या झाले होते, आणि समोरचा घुमट भिंगाचं काम करून त्यांना मोठं दाखवत होता.

आई म्हणाली, "ह्यो रंग कधी जायत?"

काका म्हणाले, "वयर लावलेलो रंग पावसान जाता, वैनी. ह्यो भुतूर असा, जाऊचो नाय."

दुपारी काकींनी ओल्या काजूंची उसळ आणि भाकरी वाढली. हंगाम नुकताच सुरू झाला होता. ओल्या काजूच्या चिकानं बोटं सोलतात, तरी त्या सकाळी बसून काजू सोलत होत्या. हे लक्षात घेऊन जेवलो.

जेवणानंतर चांदी. काकांनी शुद्ध चांदीचा बारीक मणी रॉडच्या टोकाला चिकटवला, तो ज्योतीच्या मुळाशी धरला आणि पुढे एक पारदर्शक नळी फिरवत ठेवली. चांदीची वाफ ज्योतीबरोबर जाऊन नळीवर बसली. नळीवर फिकट पिवळी झाक आली, बस. मग त्यांनी तिच्या आत काळ्या काचेची कांडी सरकवली आणि तीच झाक निळी झाली! आरपार येणाऱ्या उजेडात पिवळा, मागे काळं असेल तर निळा. चांदीचे कण इतके सूक्ष्म असतात की पार जाणारा आणि परत फिरणारा प्रकाश ते वेगवेगळा रंगवतात. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात लायकर्गसचा पेला म्हणून चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. तो समोरच्या उजेडात हिरवा आणि मागून दिवा लावला की लाल दिसतो. त्या काचेतही सोन्याचांदीचे असेच कण आहेत. सोन्यानं काच लाल-गुलाबी होते तीही याच जातीची किमया. सोनं विरघळलेली काच पहिल्यांदा थंड होते तेव्हा जवळजवळ बिनरंगी असते. पुन्हा तापवली की कण वाढतात आणि तेव्हा लाल उमलतो.

चांदीचं काम करताना काका धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगानं लावतात आणि आम्हाला दोन पावलं मागे उभं केलं. धातूची वाफ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही, या बाबतीत ते कडक आहेत. ज्योतीवरही त्यांचं तसंच लक्ष असतं. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत धुरकट होते आणि चांदीचे, तांब्याचे रंग करडे पडतात किंवा त्यांच्यावर धातूची साय येते. कोबाल्टला कशाचाच फरक पडत नाही. "कोबाल्ट म्हणजे गरीब गाय," काका म्हणाले.

शेवटी मी विचारलं, प्रयोगशाळेच्या काचेत रंगाशी कधी संबंध आला का? ते उठले आणि आतून एक जुनी ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची खुणांची नळी, घेऊन आले. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला आपण सगळ्यांनी धरलेली. नळीच्या मागच्या भिंतीत पांढरी पट्टी आणि तिच्या मधोमध निळी रेघ. ती काचेतच बसवलेली असते, नळी ओढली जाताना तिच्याबरोबर लांबत जाते. द्रवाच्या वक्र पातळीपाशी ती रेघ टोकदार दिसते आणि आकडा अचूक वाचता येतो. आणि ब्युरेटवरच्या तपकिरी खुणा? त्या चांदीच्या. लेप लावून तापवल्या आणि काचेत मुरवल्या. आम्लानं धुवा, अल्कलीनं धुवा, जात नाहीत. परवा थिबा पॅलेसमध्ये ज्या युक्तीचा विचार करत उभी होते, ती चर्चच्या खिडक्यांची युक्ती माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत स्टँडला अडकवलेली होती. मी ती ब्युरेट बराच वेळ हातात धरून बसले.

संध्याकाळी फूल भट्टीत गेलं. साधारण 565 अंशांवर तासभर ठेवून मग रात्रभर हळूहळू उतरवायचं, म्हणजे आतला ताण निघून जातो. भट्टीचं दार लागलं आणि अर्ध्या तासात लाईट गेली. काका शांत. दाराला हात लावू दिला नाही, भट्टीवर सिरॅमिकची रजई टाकली आणि खुर्ची ओढून बसले. विटांमध्ये उष्णता टिकते, घाई केली तर नुकसान होतं. काळोखात काकींनी शिरवाळे आणि नारळाचा रस आणून दिला. लाईट आली तेव्हा भट्टी बरीच उतरली होती. काकांनी पुन्हा चढवली आणि वेळ पहिल्यापासून मोजायला लागले.

जाणार असाल तर: अशा कारागिराकडे आधी फोन करूनच जा आणि सकाळ मागून घ्या. सुती कपडे घाला, नायलॉनची ओढणी नको, केस बांधा. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघत बसू नका. पाहायला पैसे घेत नसतील तर निदान एक वस्तू विकत घ्या, ऑक्सिजन फुकट येत नाही.

सोमवार: भट्टी उघडली, मग शिरोडा

सकाळी फूल कोमट होतं. काकांनी ते दोन काळसर पारदर्शक पत्र्यांच्या मध्ये धरलं. हे ध्रुवीकरण करणारे पत्रे, एकमेकांशी काटकोनात ठेवले की मधून उजेड जात नाही. मध्ये काच धरली आणि तिच्यात ताण उरला असेल तर तिथे उजेडाचे आणि रंगाचे पट्टे दिसतात. आमच्या फुलात सगळं काळं. म्हणजे लाईट गेली तरी काम सुखरूप. मग त्यांनी मुद्दाम न भाजलेला एक तुकडा धरून दाखवला. त्यात निळे-केशरी पट्टे झळकत होते. सुंदर दिसतं, पण तो तुकडा कधी ना कधी फुटणार.

आईनं फुलाचे पैसे दिले. काका घ्यायला तयार नव्हते, तर तिनं ते काकींच्या हातात ठेवले.

परुळे, म्हापणमार्गे वेंगुर्ला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, मध्येच उजवीकडे समुद्र दिसून जातो. वेंगुर्ल्यात जेवून शिरोड्याला गेलो. इथली मिठागरं मला पाहायची होती. 1930 मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला, एवढं पुस्तकात वाचलेलं. फेब्रुवारीत वाफे भरलेले असतात, कडेला मिठाचे ढीग. एका आगरातल्या बाईंनी मूठभर खडे मीठ आईच्या पदरात टाकलं आणि पैसे विचारल्यावर नुसत्या हसल्या.

रात्री मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंच्या परवानगीनं त्या मिठाची चिमूट गॅसच्या निळ्या ज्योतीवर सोडली. ज्योत क्षणभर पिवळीधमक. काकांच्या टॉर्चवरचा तोच पिवळा, कारण मीठ म्हणजे सोडियम आणि काचेतला सोडाही सोडियमच. मालकीणबाईंच्या नातवानं ते पुन्हा पुन्हा करायला लावलं, शेवटी आजीनं मिठाची पुडी उचलून ठेवली.

मंगळवार: सावंतवाडी

मोती तलावाकाठी राजवाडा. दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हातानं रंगवतात, ते काम बसून पाहता येतं. ही कला मावळत चालली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेचा जोड 120 पानांचा, प्रत्येक अवताराची बारा पानं. गोल पान चिंचोक्याच्या खळीनं आणि खडूनं तयार करतात, त्यावर रंग, मग बारीक कुंचल्यानं रेषा आणि शेवटी वरून लाखेचा पारदर्शक हात. एक ताई मत्स्यावताराचे खवले काढत होत्या. श्वास रोखून एक रेघ, मग श्वास. मी त्यांना विचारलं, लाख का? त्या म्हणाल्या, "रंग खाली राहतो. हात लाखेला लागतो, रंगाला लागत नाही."

दोन दिवसांपूर्वी पडवीत हेच पाहिलं होतं, फक्त तिथे वरचा पारदर्शक थर काचेचा होता. फुंकून केलेल्या काचेतही तेच करतात. रसाचा गोळा रंगीत काचेच्या चुऱ्यात लोळवायचा, पुन्हा तापवून चुरा मुरवायचा आणि वर पारदर्शक रसाचा आणखी एक थर घ्यायचा. रंग दोन थरांच्या मध्ये अडकतो आणि खोल दिसतो. चितार आळी ही इथली लाकडी खेळण्यांची गल्ली. तिथल्या लाकडी फळांवर पूर्वी लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवत. घर्षणानं लाख वितळून लाकडाला धरायची. आता पुष्कळशी खेळणी कुंचल्यानं रंगवलेली दिसली. दुकानदार विचारलं तर खरं सांगतात, म्हणून विचारा.

काचेच्या वस्तू घेतानाही विचारावं, आणि पाहावंही. वस्तू उजेडासमोर धरा. रंग काचेत असेल तर जाडीप्रमाणे छटा बदलते, कडेला गडद, मध्ये फिकट. वर लावलेला असेल तर सगळीकडे एकसारखा आणि जरा मेलेला दिसतो. तळाची कड किंवा भोकाची आतली बाजू पाहा, तिथे लेपाचा रंग संपतो. नखानं हलकेच खरवडून पाहायला दुकानदार ना म्हणाला तर समजून जा. काचेवर इनॅमल, म्हणजे रंगीत काचेची पूड, लावून भट्टीत पक्कं केलेलं काम मात्र कमी मानू नका. तो रंग वर असला तरी काचेशी वितळून एक झालेला असतो आणि चित्र काढायला दुसरा चांगला मार्ग नाही. टाळायचा तो नुसता वाळवलेला लेप.

निघायच्या आधी आईला बांगड्या भरायच्या होत्या. बाजारातल्या कासारीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन मऊ केला आणि हिरव्या बांगड्यांचे दोन जोड पुढे ठेवले. एक साधा हिरवा, दुसरा हिरव्यावर सोनेरी नक्षीचा. आईनं दोन्हींतली एकेक बांगडी उचलून दाराबाहेरच्या उन्हात धरली. कासारीणबाई बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "हिरवा दोघींचा काचेतच आहे हो. सोनेरी वरचं. या जोडाचं भाजलेलं आहे, राहील. ते खालच्या ताटातलं स्वस्तातलं धुण्याभांड्यात जाईल." आईनं भाजलेल्या सोनेरीचा जोड घेतला, मावशीसाठी साधा हिरवा बांधून घेतला, आणि आंबोलीचा घाट उजेडी चढायचा म्हणून आम्ही दोनच्या आत सावंतवाडी सोडली.